मयताचा कागद कोण लिहितो?

'हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू.' नोकरीच्या पहिल्या वर्षी हे वाक्य मी दाखल्यांवर बिनदिक्कत लिहिलं. वरिष्ठ लिहीत होते, म्हणून मीही. आता वर्गात ते फळ्यावर लिहिते आणि मुलांना विचारते, हे वाक्य कुणाच्या मृत्यूला लागू पडत नाही? मण्यार चावलेल्याचं हृदय बंद पडतं, ट्रॅक्टरखाली आलेल्याचं पडतं, नव्वदीत झोपेतच गेलेल्या आजीचंही पडतं. मरणं म्हणजेच ते. त्याचं कारण मात्र त्या वाक्यात कुठेच नाही.

न्यायवैद्यकशास्त्राची बाराखडी इथून सुरू होते. शरीरात शेवटी काय थांबलं, हा एक प्रश्न. ते कशाने थांबलं, हा दुसरा. आणि ते आपसूक घडलं, अपघाताने घडलं, स्वतःच्या हाताने की दुसऱ्याच्या, हा तिसरा. पहिल्याच्या उत्तराचा कुणालाच उपयोग नाही. दुसऱ्याचं उत्तर देणं हे डॉक्टरचं काम. तिसऱ्यासाठी डॉक्टरने पुरावा पुढे ठेवायचा. निर्णय तपास यंत्रणेने आणि कोर्टाने करायचा. प्रत्यक्षात पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात जातं आणि तिसऱ्याचं उत्तर डॉक्टर परस्पर देऊन मोकळा होतो.

हा विषय एमबीबीएसला पास होण्यापुरता विषय मानला जातो. मुलं खुणा पाठ करतात, विषांची नावं पाठ करतात, कलमं पाठ करतात. इंटर्नशिपमध्ये त्यासाठी जेमतेम एक आठवडा. आणि मग त्याच मुलाला तालुक्याच्या रुग्णालयात एकट्याला सही करायला बसवलं जातं. खुनाच्या खटल्यात, हुंडाबळीच्या खटल्यात, बलात्काराच्या खटल्यात पहिला शास्त्रीय कागद त्याचा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा विषय शिकवताना सगळ्यात आधी शिकवायला हवं ते हे, की डॉक्टरने काय पाहायचं, पाहिलेलं कसं लिहायचं, आणि कोणत्या गोष्टी त्याला सांगता येत नाहीत. खुणांच्या याद्या त्यानंतर.

मी एकटीने केलेलं पहिलं शवविच्छेदन विहिरीतून काढलेल्या एका तरुण बाईचं होतं. पी. एम. रूम रुग्णालयाच्या मागे, कुंपणाला लागून. वर पत्रे, मधोमध सिमेंटचा ओटा, नळाला पाणी नाही. बादल्या भरून आणाव्या लागत. पोलिसांच्या पंचनाम्यात 'विहिरीत बुडून मयत' असं आधीच लिहिलेलं होतं. फुप्फुसं जड होती, पाण्याने भरलेली. मी 'बुडून मृत्यू' लिहिलं आणि सही केली. बाहेर नातेवाईक ताटकळत उभे होते, अंधार पडायच्या आत त्यांना देह ताब्यात हवा होता.

सहा वर्षांनी समन्स आलं. तोवर मी दोन बदल्या पाहिल्या होत्या. तिला आधी मारून मग विहिरीत टाकलं, असा आरोप होता. उलटतपासणीत वकिलांनी शांतपणे एकेक प्रश्न विचारला. मुठीत चिखल किंवा शेवाळ होतं का? मानेचे स्नायू थराथराने उघडून पाहिले का? हाडातला मगज डायटमच्या तपासणीसाठी पाठवला का? विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतला का? प्रत्येक वेळी माझं उत्तर एकच होतं, अहवालात नोंद नाही. यातला प्रत्येक प्रश्न मी परीक्षेत सोडवला होता. बुडणारा माणूस जिवंतपणी पाणी ओढतो, त्यातलं डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत पोचतं. मेलेल्याच्या अंगात रक्तच फिरत नसतं, त्यामुळे ते तिथवर जात नाही. ही तपासणीसुद्धा निर्विवाद नाही, हेही मला पाठ होतं. सगळं पाठ होतं, आणि त्या ओट्यापाशी त्यातलं काहीच हाताशी आलं नाही. पंचनाम्यातला 'बुडून' हा शब्द मी वाचला होता, आणि त्यानंतर मी फक्त त्याला दुजोरा देणारं पाहिलं.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, पंचनामा जरूर वाचा, पण त्यातलं मत उचलू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ पोलिसांना पंचनामा करायला सांगतं; पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. तो करणारा हवालदार पंचांसमोर वरवर दिसलेलं लिहितो. तुमच्याकडे देह पाठवला जातो तो त्याच्या अंदाजावर शिक्का मारण्यासाठी नव्हे. मुंबईत १९९९पर्यंत कॉरोनरची पद्धत होती, अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी असे. ती गेली. आता राज्यभर पोलिसांचा पंचनामा आणि डॉक्टरचा अहवाल या दोनच कागदांवर भिस्त आहे. त्यातला दुसरा कागद पहिल्याची नक्कल असेल, तर तपास एकाच माणसाच्या नजरेवर उभा राहतो.

शवविच्छेदनगृहात आणखी एक गोष्ट घडते, तिच्याबद्दल आम्ही डॉक्टर मोकळेपणाने बोलत नाही. सुरी असते सफाई कामगाराच्या हातात आणि सही असते डॉक्टरची. कित्येक ठिकाणी डॉक्टर दारात नाकाला रुमाल लावून उभा असतो. आत काम करणारा माणूस कोणत्या समाजातून आलेला असतो, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला ना प्रशिक्षण, ना हातमोज्यांची खात्री, ना त्याच्या कामाला मान. मला हात कसा चालवायचा हे कॉलेजने शिकवलं नाही, अशाच एका मामांनी शिकवलं. त्यांनी मला एकदा विचारलं, "मॅडम, मान उघडायची का? कुणी सांगत नाही उघडायला." मी तेव्हा थबकले. मान शेवटी उघडायची असते. आधी कवटी आणि छाती उघडून तिथलं रक्त वाहू द्यायचं, म्हणजे मानेच्या स्नायूंत दिसणारं रक्त गळा आवळल्याचं आहे की आपल्याच सुरीने सांडलेलं, हे ओळखता येतं. गळफास आणि गळा आवळणं यांतला फरक इथे ठरतो. लटकलेल्याच्या गळ्यावरचा व्रण बहुधा तिरका, वर कानामागे चढणारा आणि मध्ये तुटलेला असतो. मागून दोरीने आवळलेल्याचा आडवा, सलग. पण 'बहुधा' हा शब्द पुस्तकात असतो आणि अहवालात गळून पडतो.

पुस्तकांचं आणखी एक आहे. मरणानंतर देह ताठरतो, त्याला आम्ही बारा-बारा-बाराचा नियम शिकतो: ताठरायला बारा तास, ताठर राहायला बारा, सैल पडायला बारा. वऱ्हाडातल्या मे महिन्यात, पारा ४५च्या घरात असताना, हा नियम लावून मृत्यूची वेळ सांगणारा डॉक्टर एखाद्या निरपराध माणसाला घटनास्थळी नेऊन उभा करू शकतो. उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो, लवकर जातो, आणि कुजणं त्याच्या मागोमाग सुरू होतं. देहाच्या खालच्या बाजूला रक्त साकळून आलेली जांभळट छटा नवख्याला मारहाणीचे वळ वाटते. मुंग्यांनी चावलेल्या जागा खरचटल्यासारख्या दिसतात. जळालेल्या बाईच्या देहाची कोपरं-गुडघे मुष्टियोद्ध्यासारखी आखडतात, ती उष्णतेने स्नायू आकसल्याने. त्या बाईने झटापट केली होती असा त्याचा अर्थ होत नाही. ती आगीत जिवंत होती का, हे सांगते श्वासनलिकेतली काजळी. स्टोव्हच्या भडक्याची कथा किती घरांतून ऐकली आहे! त्या कथेची खरी तपासणी त्या काजळीच्या रेघेने होते, आणि ती रेघ पाहायची तर नलिका उघडावी लागते.

याच जळितांच्या वॉर्डात मृत्यूपूर्व जबाब घेतला जातो, आणि तिथे डॉक्टरच्या एका शब्दाची किंमत कळते. आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात डॉक्टरने 'रुग्ण शुद्धीवर आहे' असं लिहिलं, पण 'जबाब देण्याच्या मनःस्थितीत आहे' असं लिहिलं नाही. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो जबाब ग्राह्य धरला नाही आणि आरोपी सुटले. २००२ साली लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही भूमिका जास्तच तांत्रिक ठरवली; जबाब घेणाऱ्याची खात्री पटली असेल तर डॉक्टरच्या दाखल्याअभावी जबाब बाद होत नाही, असं सांगितलं. कायद्याने चूक सावरली. पण मधल्या तीन वर्षांत तो शब्द किती ठिकाणी नडला असेल, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं. शुद्धीत असणं वेगळं, भानावर असणं वेगळं. हे विद्यार्थ्याला वर्गात सांगून कळत नाही. त्याला वॉर्डात नेऊन, कण्हणाऱ्या माणसाला त्याचं नाव-गाव-वार विचारायला लावून कळतं.

लैंगिक अत्याचाराच्या तपासणीकडे येताना मला नेहमी महाराष्ट्रातले दोन कागद आठवतात, एकापाठोपाठच्या वर्षांतले. मार्च १९७२मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याची फिर्याद झाली. देश तिला मथुरा प्रकरण म्हणून ओळखतो. तिच्या तपासणीच्या कागदावर वय १४ ते १६ असल्याचा अंदाज होता. अंगावर जखम नाही, योनिपटल पूर्वीच फाटलेलं, दोन बोटं सहज जातात, असंही त्यावर होतं. सत्र न्यायालयाने तिला संभोगाची सवय असल्याचं म्हणत आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं, आणि अंगावर जखमा नसणं हा तिच्या विरोधातला मुद्दा झाला. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९८३मध्ये कायदा बदलला.

दुसरा कागद १९७३चा, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचा. त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला होता, पण बलात्काराचं कलम लागलंच नाही. बदनामी टाळण्यासाठी ती गोष्ट नोंदीत येऊ दिली गेली नाही, असं पुढे वारंवार सांगितलं गेलं. आरोपीला हल्ल्यासाठी आणि चोरीसाठी सात-सात वर्षांच्या शिक्षा झाल्या, त्याने त्या एकत्रच भोगल्या. अरुणा २०१५च्या मेपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, त्याच रुग्णालयाच्या खाटेवर होत्या.

एका कागदावर जे कधीच लिहायला नको होतं ते लिहिलं गेलं, दुसऱ्यावर जे लिहायलाच हवं होतं ते उतरलं नाही. डॉक्टरच्या मनात बाईच्या अब्रूची जी कल्पना होती, ती दोन्हीकडे पुराव्याच्या आड आली. जखम नाही म्हणजे संमती, हे शास्त्र नव्हे. भीतीने गोठलेल्या, धमकावलेल्या माणसाच्या अंगावर जखम नसू शकते. योनिपटल कसं आहे यावरून बलात्कार झाला की नाही, हे सांगता येत नाही. दोन बोटांच्या चाचणीने तर काहीच सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' हे जर मथुरा प्रकरणातल्या डॉक्टरला कॉलेजात शिकवलं गेलं असतं, तर त्या अहवालात ती ओळच नसती.

कायदा १९८३मध्ये हलला, पण आमची पुस्तकं हलली नाहीत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१०मध्ये या तपासण्यांच्या अमानुष पद्धतीवर अहवाल मांडला, आणि त्याच्या आधारे नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये दोन बोटांची चाचणी पीडितेच्या प्रतिष्ठेवर घाला घालणारी ठरवली. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४मध्ये तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तरी चाचणी चालूच राहिली, म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या खुणांचा भाग २०१९मध्येच वगळला होता, ही आपल्या राज्याच्या श्रेयाची गोष्ट. आणि त्यानंतर काय झालं? ऑगस्ट २०२४च्या शेवटी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवा अभ्यासक्रम जाहीर केला, त्यात योनिपटलाचं महत्त्व, कौमार्याची व्याख्या हे विषय परतले होते, आणि समलिंगी स्त्रियांचे संबंध लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत बसवले होते. टीका झाली, तेव्हा काही दिवसांतच तो मागे घेतला. मागे घेतला याचा आनंद आहे. पण देशाच्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेत तो तयार झाला, तपासला गेला, छापला गेला, आणि वाटेत कुणाला खटकलं नाही, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

आज कायदा पुष्कळ स्पष्ट आहे. पीडितेवर उपचार लगेच आणि मोफत करायचे, सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाने. ते नाकारणं गुन्हा आहे. तपासणीला तिची संमती लागते, आणि अहवाल सात दिवसांत जायला हवा, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८४ सांगतं. तरीही 'लेडी डॉक्टर नाही' म्हणून एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेल्या बाया मी तपासल्या आहेत. पॉक्सोखालच्या मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची, हे बरोबर. प्रौढ स्त्रीबाबत तसं बंधन नाही. तिची संमती असेल तर पुरुष डॉक्टर तपासू शकतो, आणि त्याने तपासायलाच हवं. जीपमध्ये गेलेले ते तास पुरावा पुसून टाकतात. स्वॅब घ्यायला उशीर होतो, ती आंघोळ करते, कपडे बदलते. कलम माहीत नसल्याने हे घडतं, आणि कधी कधी कोर्टाच्या फेऱ्या टाळायच्या असतात म्हणूनही घडतं. हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल म्हणते आहे.

विषशास्त्राबद्दल बोलायचं तर मी मुलांना सोमल, धोतरा आणि अफूपासून सुरुवात करून देत नाही. आपल्या राज्याचं विषशास्त्र फवारणीच्या पंपात आहे. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात आले. मृतांचा आकडा वीसच्या आसपास गेला. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरातल्या कोलिनेस्टरेज या विकराला जखडतात. मग डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ आणि घाम थांबत नाही, स्नायू फडफडतात, श्वास अडकतो. अॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम हे त्यावरचे उतारे. रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजलं की बाधेचा अंदाज येतो, आणि ती चाचणी जिथे फवारणी होते त्या तालुक्यांत व्हायला हवी. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना तर उताराच नाही. पोटातल्या ओलाव्याशी त्यांचा फॉस्फिन वायू होतो, आणि पेशींचं श्वसनच बंद पडतं.

आता या माणसांपैकी एखाद्याचा मृत्यू झाला की अहवालात काय लिहिलं जातं, ते पाहा. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेल्या सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. आत्महत्या असेल तर त्या योजनेतून मिळत नाहीत. डॉक्टरने 'विष प्राशन केल्याने मृत्यू' लिहिलं, की प्रश्न मिटला. प्राशन! हा शब्द तिसऱ्या प्रश्नाचं, अपघात की आत्महत्या याचं, उत्तर आहे, आणि डॉक्टरला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. प्रयोगशाळेचा सी. ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, 'ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशक आढळले' एवढंच सांगतो; ते तोंडावाटे गेलं की कातडीतून, हे बहुधा त्यातून कळत नाही. ते कळायचं असेल तर डॉक्टरने मयताचे कपडे राखायला हवेत, हातापायांवरचं औषध पुसून नमुना घ्यायला हवा, पोटातल्या द्रवाचा रंग, वास, प्रमाण लिहायला हवं. एका विधवेचे दोन लाख या पाच-सहा ओळींवर अवलंबून असतात. या ओळी लिहायला फार तर दहा मिनिटं लागतात.

व्हिसेऱ्याचं, म्हणजे विषाच्या तपासणीसाठी राखलेल्या अवयवांचंही असंच आहे. जठर आतल्या द्रवासह, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा सुमारे अर्धा किलो भाग, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे-अर्धे भाग, रक्त. हे सारं बहुतेक वेळा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवायचं, फॉर्मेलिनमध्ये कधीच नाही. दारूचा संशय असेल तर स्पिरिट वापरायचं नाही, रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड घालायचं. वापरलेल्या द्रावणाचा नमुना वेगळा पाठवायचा. हे सगळं शिकवलं जातं. पण व्हिसेरा कधी पाठवायचा नाही, हे शिकवलं जात नाही. मत द्यायची भीती वाटली की 'व्हिसेरा राखून ठेवला, मत राखून ठेवले' असं लिहून फाइल पुढे ढकलायची, ही सवय इतकी मुरली आहे की डोक्यावरून ट्रक गेलेल्याचाही व्हिसेरा जातो. मग मुंबई, पुणे, नागपूर, अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळांत बाटल्या साचतात, आणि ज्या मृत्यूत खरंच विषाचा संशय असतो त्याचा रिपोर्टही त्या रांगेत अडकतो. शिवाय रिपोर्ट आला आणि त्यात विष 'आढळले नाही', म्हणजे विष नव्हतं असं होत नाही. रुग्ण चार दिवस उपचार घेऊन गेला असेल, देह कुजला असेल, किंवा ते विष नेहमीच्या तपासणीत सापडण्यासारखं नसेल. सापाचं विष या तपासणीत मिळत नाही. चावल्याची जागा, तिच्या भोवतीची सूज, वॉर्डातले कागद, हाच तिथे पुरावा.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते, आणि तो मांडणाऱ्यांना मी दोष देत नाही. जिवंत रुग्णांना डॉक्टर मिळत नाही, आणि तुम्ही मेलेल्यांसाठी तज्ज्ञ मागता? रात्रभर बाळंतपणं केलेल्या मुलीने सकाळी पी. एम. रूममध्ये तीन तास उभं राहायचं का? प्रश्न खरा आहे. पण यवतमाळकडे पुन्हा पाहा. फवारणीच्या पहिल्या काही मृत्यूंचे कागद नीट लिहिले आणि वेळेवर वाचले गेले, तर पुढच्या माणसाला वाचवायची संधी मिळते. आणि ज्याच्यावर खुनाचा खोटा आरोप आला तो आरोपीही जिवंतच असतो. शवविच्छेदन हे मेलेल्यासाठी फार थोडं असतं.

दुसरी सूचना येते, सगळी शवविच्छेदनं जिल्ह्याला तज्ज्ञांकडे न्या. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून जास्त आहे. पावसाळ्यात नाले भरलेले असताना माडिया कुटुंबाने आपल्या माणसाचा देह एवढ्या लांब नेऊन परत आणायचा, हे मला पटत नाही. संशयास्पद मृत्यू, कोठडीतला मृत्यू, लग्नानंतर सात वर्षांच्या आतला विवाहितेचा मृत्यू, हे तज्ज्ञाकडे जायला हवेत. बाकीचं काम तालुक्यालाच होणार, आणि म्हणून तालुक्यातला डॉक्टर तयार हवा. जिल्हा रुग्णालयात न्यायवैद्यकशास्त्राचा एमडी कायम नेमला, त्याला तालुक्यांतले अहवाल महिन्याला वाचून त्या त्या डॉक्टरशी फोनवर बोलायचं काम दिलं, आणि पहिली काही शवविच्छेदनं नव्या डॉक्टरने कुणाच्या तरी सोबतीनेच करायची असा नियम केला, तर त्याला फार पैसा लागणार नाही. पी. एम. रूमला पाणी, दिवा आणि मदतनीसाला प्रशिक्षण, हे तर कुणाला मागावं लागायलाच नको होतं.

परीक्षेबद्दलही थोडं. आम्ही विचारतो, 'बुडून मृत्यूच्या खुणा लिहा.' त्याऐवजी मुलासमोर खऱ्या धाटणीचा पंचनामा आणि पाच छायाचित्रं ठेवावीत आणि सांगावं, अहवाल लिही; आणि ज्या गोष्टीचं मत देता येत नाही, तिथे तसं लिही. 'मत देता येत नाही' या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत, कारणं लिहिली असतील तर. वर्गात साक्षीचा पिंजरा उभा करून त्याची उलटतपासणी घ्यावी. मी ती घेते. पहिल्या दिवशी मुलं हसतात, तिसऱ्या प्रश्नाला गप्प होतात.

आणि एक मागणी, जी मी आजवर कुठे छापलेली पाहिली नाही. ज्या खटल्यात डॉक्टरचा अहवाल पुरावा म्हणून आला, त्याच्या निकालाची प्रत त्या डॉक्टरकडे यावी. आता ई-कोर्टच्या संकेतस्थळावर निकाल चढतात, पण तालुक्यातल्या डॉक्टरला खटल्याचा क्रमांकही ठाऊक नसतो. सर्जनला त्याची शस्त्रक्रिया फसली की कळतं, रुग्ण परत येतो. आमच्याकडे कुणी परत येत नाही. न्यायाधीशांनी अहवालाबद्दल काय म्हटलं, कुठे त्याचा उपयोग झाला, कुठे एका गाळलेल्या ओळीमुळे माणूस सुटला किंवा अडकला, हे न कळताच आम्ही तीस वर्षं तेच लिहीत राहतो.

त्या विहिरीतल्या बाईच्या खटल्यात माझी साक्ष दुपारी संपली. भत्त्याच्या कागदावर सही केली, एसटी स्टँडकडे निघाले. तिचे वडील कोर्टाच्या पायऱ्यांवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, "बाई, तुमी सांगितलं ना सगळं?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. निकाल काय लागला, ते मला कुणी कळवलं नाही.